विश्लेषण : दिव्यांगांसाठी खेळ म्हणजे केवळ पदके नव्हेत, व्यायाम त्यांच्यासाठी अधिक गरजेचा का?

पॅरिस येथे २०२४ मध्ये झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदके जिंकली. त्यात सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्यपदकही होते. मात्र २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत. त्यांतील बहुतेकांपुढे प्रश्न पदकाचा नसून नियमित व्यायामाचा आहे.

पॅरा खेळांचा उगम उपचारांत?

होय. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर डॉ. लुडविग गुटमन ब्रिटनमधील स्टोक मँडविल रुग्णालयात उपचार करत. त्या काळी असे रुग्ण अंथरुणाला खिळत आणि शय्याव्रण किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. गुटमन यांनी खेळ हा उपचाराचाच भाग केला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनादिवशीच, १६ माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा तिथे झाली. पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक घडले. सांगली जिल्ह्यातीलच मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. उपचार म्हणून सुरू केलेल्या पोहण्याने त्यांना १९७२ मध्ये हायडलबर्ग येथे भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले.

नेमका फायदा काय?

हालचाल कमी झाली की वजन, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. दिव्यांगत्वामुळे आधीच हालचालीवर मर्यादा असेल, तर हा धोका अधिक. शिवाय व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या दंडात व खांद्यात ताकद असेल, तर पलंगावरून खुर्चीत बसणे किंवा रिक्षात चढणे यासाठी दर वेळी दुसऱ्याला हाक मारावी लागत नाही. दृष्टिहीनांना तोल सांभाळण्यासाठी, तर बौद्धिक दिव्यांग मुलांना इतरांत मिसळण्यासाठी खेळ उपयोगी ठरतो. नैराश्य आणि एकटेपणा कमी होण्यासही मदत होते.

किती व्यायाम हवा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिव्यांगांसाठी प्रथमच स्वतंत्र शिफारशी केल्या. त्यानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम असावेत. मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे सुचवली आहेत. एवढे जमत नसेल, तर थोडी हालचालही काहीच न करण्यापेक्षा चांगली. क्षमतेनुसार व्यायाम केल्यास धोका फारसा नसतो. मात्र सुरुवात कशी करावी, याबाबत डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

मग अडते कुठे?

अडचण बहुतेकदा शरीरापेक्षा व्यवस्थेत असते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ३० नुसार क्रीडा सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करणे ही सरकारची जबाबदारी आहे. प्रत्यक्षात अनेक व्यायामशाळा पायऱ्या चढून गेल्यावर लागतात, तर जलतरण तलावात उतरायला धड कठडाही नसतो. शाळेत खेळाच्या तासाला दिव्यांग मुलाला ‘तू बस’ असे काळजीपोटी सांगितले जाते आणि बसून राहण्याची सवय तिथेच लागते. मैदानापर्यंत उतार, वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि नियमांत थोडा बदल करून सर्वांना खेळवणारा शिक्षक, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते.