वन कशास म्हणावें?

संस्कृताच्या अभ्यासकास वनाचे पर्यायशब्द पाठ असतात. अटवी, विपिन, कानन, गहन, कान्तार ही मालिका बालपणीं एकदां घोकली म्हणजे जन्मभर विसरत नाहीं. परंतु या शब्दांपैकीं एखाद्याचा नेमका अर्थ काय, या प्रश्नावर दोन हजारांहून अधिक जिवंत वृक्षांचें मरण अवलंबून राहील, असें कोणा अध्यापकास कधीं वाटलें नसेल. मुंबईंत २०१४ पासून २०२३ पर्यंत जो आरेचा वाद चालला, त्याच्या मुळाशीं हाच शब्दार्थाचा प्रश्न होता. वर्तमानपत्रांनीं त्याचें वर्णन विकास आणि निसर्ग यांचें युद्ध असें केलें. राजकीय पक्षांनीं त्यास आपापला रंग दिला. आणि त्या कोलाहलांत मूळ प्रश्न बाजूस राहिला. तो शांत चित्तानें तपासून पाहावा, एवढाच आजच्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थळाचा परिचय करून घेऊं. गोरेगांवच्या पूर्वेस तीन हजार एकरांहून अधिक भूमीवर आरे दुग्ध वसाहत पसरली आहे. तिची स्थापना १९४९ सालीं झाली. त्या काळीं मुंबईंतील म्हशींचे गोठे भर वस्तींत असत. त्या गोठ्यांची घाण आणि दुधांतील पाणी या दोन्ही गोष्टींनीं नागरिक त्रस्त झाले होते. दारा खुरोडी या कर्तबगार अधिकाऱ्याच्या योजनेनें ते गोठे शहराबाहेर नेण्यांत आले आणि १९५१ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें वसाहतीचें उद्घाटन झालें. अर्थात् गोठ्यांनीं त्या भूमीचा कांहीं भागच व्यापला. उरलेल्या भागांत कुरणें होतीं, ओढे होते आणि वृक्षांची दाटी होती. उत्तरेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें शंभर चौरस किलोमीटरांहून मोठें अरण्य आरेस लागूनच आहे. उद्यानाची हद्द कागदावर स्पष्ट असली तरी ती बिबट्यास ठाऊक नाहीं. तो आरेंतहि निर्वेधपणें फिरतो. विंचवाची एक जाति तर येथें अशी सांपडली कीं, शास्त्रज्ञांनीं तिचें नांवच आरेवरून ठेविलें. वारली, कोकणा आदि जमातींचे सुमारें सत्तावीस पाडे या भूमींत आहेत. वाघदेवास नमस्कार करून रानांत पाऊल टाकणाऱ्या या लोकांचा येथील संबंध दुग्ध वसाहतीहून जुना आहे.

आतां योजनेकडे वळूं. कुलाबा, वांद्रे आणि सीप्झ यांस जोडणारी मेट्रोची तिसरी मार्गिका सुमारें साडेतेहतीस किलोमीटर लांबीची व जवळजवळ संपूर्ण भूमिगत आहे. तिची आवश्यकता नाकारणें हें दुराग्रहाचें लक्षण होईल. लोकलच्या दाराशीं लोंबकळत नित्य प्रवास करणाऱ्या चाकरमान्यास, आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या घरच्या मंडळींस, अशा मार्गाचें मोल सांगावें लागत नाहीं. परंतु गाडी म्हटली कीं गाडीखाना आला. डबे धुणें, चाकें तासणें, तेलवंगण घालणें, बिघाड दुरुस्त करणें हीं सर्व कामें जेथें व्हावयाचीं, त्या कारशेडसाठीं आरेमधील सुमारें तीस हेक्टर जागा ठरविण्यांत आली. विरोधकांचें म्हणणें असें कीं, नांव कांहींही द्या, हा एक कारखानाच आहे. आणि तो मिठी नदीच्या कांठीं, तिच्या पाणलोटांत बसणार आहे. ज्या मुंबईनें २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला आणि त्याच मिठीचें पाणी घराघरांत शिरलेलें अनुभविलें, त्या मुंबईनें हा आक्षेप हंसण्यावारी नेणें शहाणपणाचें नव्हतें.

हे विरोधक कोण होते? २०१४ च्या अखेरीस वृक्षतोडीचा प्रस्ताव प्रसिद्ध झाला, तेव्हां पाड्यांवरील आदिवासी, आसपासच्या वस्तींतील गृहिणी, महाविद्यालयीन विद्यार्थी, पक्षिनिरीक्षक आणि सकाळीं फिरावयास जाणारे वृद्ध असे नानाविध लोक एकत्र आले. यांतील बहुतेकांनीं रेल्वेस विरोध केलाच नाहीं. त्यांची मागणी एवढीच होती कीं, मार्ग अवश्य व्हावा, गाडीखाना मात्र अन्यत्र न्यावा. कांजूरमार्गचें नांव पर्याय म्हणून पुढें आलें. त्यावर शासनपक्षाचें उत्तर असें कीं, ती जागा न्यायालयीन वादांत अडकली आहे. तेथें गेल्यास खर्च वाढेल व वर्षें वायां जातील. हें उत्तर अगदींच निराधार नव्हतें, हें पुढील घटनांनीं दाखविलें. दोन्ही पक्षांपाशीं कांहीं सत्य होतें. आणि अशा प्रसंगींच निर्णयाची पद्धति निर्दोष असावी लागते.

येथें तो शब्द पुढें येतो. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं एका प्रसिद्ध आदेशांत असें ठरविलें कीं, वनसंरक्षणाच्या कायद्यांतील 'वन' हा शब्द कोशांतील अर्थानें घ्यावा. भूमि कोणाच्या मालकीची आहे हें पाहूं नये. हा निर्णय वैयाकरणासहि मान्य व्हावा असा आहे. आरेचे रक्षक म्हणाले, मग कोश उघडून पाहा आणि येथें येऊनहि पाहा. शासनपक्ष म्हणाला, आमच्या दप्तरीं ही दुग्ध वसाहत आहे, वन नव्हे. शिवाय येथील पुष्कळ झाडें मनुष्यानें लाविलेलीं आहेत. या दुसऱ्या युक्तिवादापुरतें अमरसिंहाचें साह्य घेतां येईल. अमरकोशांत उपवनाची व्याख्या करतांना त्यानें त्यास कृत्रिम असें वनच म्हटलें आहे. झाड कोणी लाविलें, या कारणास्तव त्या कोशकारानें त्याचें वनत्व हिरावून घेतलें नाहीं. अर्थात् अमरकोश न्यायालयांत प्रमाण नाहीं, आणि असावा असेंहि नाहीं. परंतु ज्या भूमींत वृक्ष, लता, श्वापदें आणि वनवासी मनुष्यें एकत्र नांदतात, तिला वन म्हणावयाचें नाहीं तर मग तो शब्द कशासाठीं राखून ठेवावयाचा, हा प्रश्न उरतोच.

पुढील घटनांचा क्रम लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. २९ ऑगस्ट २०१९ रोजीं महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणानें २,१८५ वृक्ष तोडण्यास आणि ४६१ वृक्ष अन्यत्र हलविण्यास संमति दिली. हजारो नागरिकांनीं लेखी हरकती नोंदविल्या होत्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं न्यायालयानें याचिका फेटाळल्या. आरेस वन म्हणून घोषित करावें या मागणीविषयीं न्यायालयानें असें सांगितलें कीं, तोच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें व हरित लवादापुढें प्रलंबित आहे. म्हणून आम्ही त्याच्या गुणावगुणांत शिरत नाहीं. म्हणजे आरे हें वन आहे कीं नाहीं, याचा निर्णय त्या दिवशीं झालाच नाहीं. परंतु त्याच रात्रीं यांत्रिक करवती चालूं झाल्या. लोक धांवले, जमावबंदी लागली, एकोणतीस जणांस अटक झाली. ७ ऑक्टोबरला, विधिशाखेच्या विद्यार्थ्यांनीं पाठविलेल्या पत्राची दखल घेऊन, सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली. तोंवर २,१४१ वृक्ष पडले होते.

वाचकहो, या वादांतील खरें शल्य येथें आहे. शेताच्या बांधाचा दावा चालूं असतां बांध जागचा हलत नाहीं. दागिन्याचा वाद असेल तर दागिना न्यायालयाच्या स्वाधीन राहतो. निकाल वर्षभरानें लागला तरी वस्तु मिळते. वृक्षाची गोष्ट तशी नाहीं. येथें वादी जिवंत राहिला, प्रतिवादी जिवंत राहिला, न्यायासनहि अविचल राहिलें. नाहींसा झाला तो वादाचा विषय. ज्या शब्दाचा अर्थ ठरावयाचा होता, तो ठरण्यापूर्वींच त्या अर्थाचा मोठा अंश भुईसपाट झाला. कायद्याचें अक्षर मोडलें नसेल. पण ज्या गोष्टी पुन्हां उभ्या करतां येत नाहींत, त्यांच्या बाबतींत आधीं पूर्ण श्रवण आणि मग शस्त्र, हा क्रम मोडला. धर्मशास्त्र असो वा अर्वाचीन न्याय असो, अपरिवर्तनीय कृत्याच्या पूर्वीं विलंब करणें यास कोणीहि दोष देत नाहीं. स्थानिक लोकांच्या विरोधाचें मुख्य सामाजिक कार्य हा विलंब घडविणें हेंच आहे. जो विलंब योजकास अडथळा वाटतो, तो समाजाच्या दृष्टीनें विचारासाठीं मिळालेला अवकाश असतो.

उरलेला इतिहास थोडक्यांत सांगतों. नोव्हेंबर २०१९ मध्यें नव्या सरकारनें कारशेडचें काम थांबविलें; ऑक्टोबर २०२० मध्यें तें कांजूरमार्गला नेण्याची घोषणा केली; डिसेंबरांत उच्च न्यायालयानें तेथील भूमीच्या हस्तांतरणास स्थगिति दिली. २०२२ च्या जूनअखेरीस सरकार पुन्हां बदललें आणि गाडीखाना आरेंत परतला. एप्रिल २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आणखी १७७ वृक्ष तोडण्याची मुभा दिली; परंतु आधींच्या ८४ वृक्षांच्या मर्यादेपलीकडे परस्पर जाऊं पाहिल्याबद्दल मेट्रो महामंडळास दहा लक्ष रुपयांचा दंडहि केला. मार्गाचा पहिला टप्पा ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं उद्घाटित झाला, म्हणजे त्या वृक्षतोडीच्या पांचव्या वर्षदिनीं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें तो संपूर्ण मार्ग खुला झाला. गाड्या धांवत आहेत आणि लोकांची सोय झाली आहे, हें आनंदानें मान्य केलें पाहिजे.

मग विरोध व्यर्थ गेला काय? तसें म्हणणें यथार्थ होणार नाहीं. त्याच वादाच्या धगींत आरेमधील सुमारें आठशें एकर भूमि राखीव वन म्हणून ठेवण्याचा निर्णय २०२० सालीं झाला आणि पुढील वर्षीं ती वनखात्याकडे गेली. ज्या भूमीस कालपर्यंत दप्तरांत वन हें नांव नव्हतें, तिच्या एका मोठ्या भागास तें नांव मिळालें. गाडीखान्यापुरता पराभव झाला. परंतु शब्दाच्या प्रश्नांत अंशतः जय झाला. हा जय लहान नव्हे. चित्रपटनगरी १९७० नंतरच्या दशकांत याच आरेच्या भूमीवर उभी राहिली, तेव्हां आणि त्यानंतरहि एकेक तुकडा कापून देतांना ही जागा म्हणजे कोणाचीच नव्हे, अशी समजूत प्रत्येक वेळीं उपयोगी पडली होती. आतां निदान त्या आठशें एकरांपुरतें तसें म्हणतां येणार नाहीं.

कोणी म्हणेल, तोडलेल्या झाडांच्या बदल्यांत दुसरीं लावितात, मग तक्रार कसली? रोप लावणें हें पुण्यकर्म आहे यांत शंका नाहीं. तथापि रोप म्हणजे वृक्ष नव्हे आणि वृक्षांची ओळ म्हणजे वन नव्हे. पाठशाळा मोडून तितक्याच पाट्या दुसरीकडे वांटल्यानें पाठशाळा उभी राहत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: या विरोधकांचीं स्वतःचीं घरेंहि एके काळच्या रानावर आणि खाजणावरच उभीं आहेत. हें खरें आहे. परंतु पूर्वजांनीं निम्मी ठेव खर्चिली, म्हणून उरलेली निम्मीहि आपण उडवावी, असा न्याय कोणत्याहि सुज्ञ कुटुंबांत चालत नाहीं. उलट, खर्च अधिक झालेल्या घरींच शिल्लक अधिक जपून वापरतात.

या मासिकाचे वाचक गांवोगांवीं आहेत. पुण्यांत वेताळ टेकडीवरून रस्ता व बोगदे नेण्याच्या योजनेस २०२३ सालीं नागरिकांनीं रस्त्यावर येऊन विरोध केला, हें अनेकांनीं प्रत्यक्ष पाहिलें असेल. प्रत्येक गांवास अशी एक टेकडी, एक तळें, एक देवराई असतेच. आमच्या सात-बाराच्या उताऱ्यांत लागवडीस निरुपयोगी भूमीस 'पोटखराब' असें नांव आहे. नांगर चालत नाहीं म्हणून जमीन खराब ठरली. मग तिच्यावर पाखरें घरटीं करोत, कीं तिच्या पोटांत पावसाचें पाणी मुरो! हा शब्द लिहिणाऱ्या कारकुनाचा दोष नाहीं. त्यास महसूल मोजावयाचा होता. दोष आपला आहे, कारण आपण त्या शब्दापलीकडे कधीं पाहिलें नाहीं.

म्हणून ज्यांस आपल्या गांवची टेकडी किंवा तळें राखावेंसें वाटतें, त्यांनीं करवतीचा आवाज ऐकूं येईपर्यंत थांबूं नये. त्या जागेस दप्तरांत कोणतें नांव आहे, हें आजच तलाठ्याकडे जाऊन पाहावें. नगराच्या विकास आराखड्यांत तिच्यावर कोणता रंग भरला आहे, तें विचारावें. हरकती मागविल्या म्हणजे मुदतींत, सही करून, कारणांसह पाठवाव्या. तेथील वृक्षांची, पक्ष्यांची व पाण्याच्या वाटांची नोंद मुलांकडून करवून घ्यावी. सुट्टीच्या दिवसांत याहून चांगला स्वाध्याय नाहीं. हें काम नीरस आहे आणि त्यांत घोषणांचा आवेश नाहीं. पण आरेच्या इतिहासानें शिकविलेली गोष्ट हीच आहे कीं, ज्या भूमीस वेळेवर योग्य नांव मिळतें, तिच्यावर शस्त्र उचलणाऱ्यास आधीं उत्तर द्यावें लागतें; आणि जिला तें मिळत नाहीं, तिच्यासाठीं युक्तिवाद सुरूं होतो तोंवर झाडें पडलेलीं असतात.