मोबाईल काढून घेण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या किशोरी गटातली एक मुलगी तीन आठवडे आलीच नाही. घरी गेले तेव्हा कळलं, भावाने तिचा मोबाईल काढून घेतलाय आणि संध्याकाळचं बाहेर पडणंही बंद केलंय. कारण काय, तर ती मोबाईलवर गोळीबाराचा खेळ खेळत होती. माईक चालू होता. मुलीचा आवाज ऐकून खेळातली अनोळखी मुलं घाणेरडं बोलू लागली आणि ते भावाच्या कानावर गेलं. तो स्वतः तोच खेळ रात्री दोन दोन वाजेपर्यंत खेळतो. घाण बोलले ते, शिक्षा मात्र हिला!

आमच्या बैठकीत मी हा विषय काढला. दोघी-तिघी म्हणाल्या, "बरंच झालं. त्या मारामारीच्या खेळांत आहे काय? मुलींनी लांबच राहावं." मी गप्प बसले. कारण मला एक कबुली द्यायची होती आणि धीर होत नव्हता. ती इथे देते. मैत्रिणींनो, मी लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळते. एम.एस.डब्ल्यू. झाले, दहा वर्षं वस्तीत काम करते आणि रात्रीची आवराआवर झाली की अर्धा-पाऊण तास खेळतेही. तेव्हा ही मतं ऐकीव नाहीत, खेळून झालेली आहेत.

पहिला खेळ अर्थातच मारिओ, जपानच्या निन्टेंडो कंपनीचा, १९८५ सालचा. आमच्याकडे तो टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रावर आला, दादासाठी. दादा मारिओ, मी त्याचा भाऊ लुईजी. दादाचा जीव गेला की माझी पाळी. आठ जगं पार करून राजकन्येला सोडवायचं. आणि राजकन्या काय करते? वाट बघते! तेव्हा मला यात काहीच खटकलं नाही, हे आज खटकतं. पुढे २००५ साली कंपनीने त्याच राजकन्येला नायिका करून वेगळा खेळ काढला. त्यात तिच्या शक्ती कोणत्या, तर तिच्या भावना. रडली की अश्रूंच्या धारा, चिडली की आग. 'बाई म्हणजे भावना' हे समीकरण इथेही सुटलं नाही.

कॉलेजात असताना चुलतभावाच्या कम्प्युटरवर 'व्हाइस सिटी' खेळले. हा २००२ सालचा खेळ. ते शहर, त्या गाड्या, रेडिओवरची गाणी मला आवडायची. खोटं कशाला सांगू? पण त्यात वेश्या व्यवसायातल्या बाईला गाडीत घेतलं की नायकाची तब्येत सुधारते, पैसे कमी होतात आणि मग तिला मारून ते पैसे परत घेता येतात. खेळ तसं करायला सांगत नाही, पण करू देतो. भाऊ हसायचे. मीही हसले होते. पुढे फील्डवर्कला वेश्यावस्तीत गेले. मारहाण झालेल्या, पैसे हिसकावून घेतलेल्या बायका समोर बसून बोलल्या, तेव्हा मला माझं ते हसू आठवलं. अजून आठवतं.

लारा क्रॉफ्टबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. 'टूम रेडर' १९९६ साली आला. एकटी बाई डोंगर चढते, गुहांत शिरते, स्वतःच्या अकलेने वाट काढते. हे बघून माझी छाती फुगायची. पण तिची छाती कुणासाठी फुगवली होती, हेही दिसत होतं. २०१३ साली नव्या रूपात आलेली लारा माणसासारखी दिसते, धडपडते, शिकते. तिची गोष्ट लिहिण्यात मुख्य वाटा ऱ्हियाना प्रॅचेट या लेखिकेचा. तरीही खेळ यायच्या आधी निर्मात्यांपैकी एकाने म्हटलं होतं की खेळणाऱ्याला लाराचं रक्षण करावंसं वाटेल. म्हणजे बटणं दाबणारा पुरुषच, हे गृहीतच!

आता आपल्या जवळचा खेळ. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने २०२० साली 'राजी' काढला. श्रुती घोष या तिच्या संस्थापकांपैकी एक. राजी ही खेळ करून पोट भरणारी, कसरती करणारी मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला ती निघते. मारिओचा खेळ इथे उलटा झाला. तिचं कसब तिच्या कष्टाच्या कामातून आलंय, हे मला फार भावलं. मात्र तिला बळ देवदेवतांकडूनच मिळावं, हे थोडं खुपलं. देवी झाल्याशिवाय बाईला लढता येत नाही का?

आणि 'वेनबा', २०२३ सालचा. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट. आईच्या फाटक्या वहीतल्या अर्धवट पाककृती आपण जुळवायच्या. सुरुवात इडलीपासून. बाईचं स्वयंपाकघरातलं ज्ञान हे ज्ञान आहे, असं म्हणणारा खेळ मी प्रथमच पाहिला. शेवटाकडे मुलगा ती वही उघडून स्वतः रांधायला लागतो. माझे डोळे भरून आले.

सांगायचं हे, की सगळे खेळ एका मापाने मोजता येत नाहीत. सिनेमात बाई कशी दाखवली यावर आपण बोललो, पोस्टरांना काळं फासलं, म्हणून काही मुलींना सिनेमा बघू नका असं सांगितलं नाही. मग खेळांच्या बाबतीत 'लांब राहा' का? त्यामुळे ती जागा पुरती मुलांच्या हातात जाते. आणि खेळायला वेळ हवा, रिकामा वेळ हवा. तो वस्तीतल्या मुलीला मिळतो का, हा प्रश्न तर आपलाच आहे.

त्या मुलीच्या आईशी मी दोनदा बोलले. मोबाईल अजून मिळालेला नाही, पण शनिवारी ती गटात येते. आता दर शनिवारी अर्धा तास माझ्या लॅपटॉपवर आम्ही 'राजी' खेळतो आणि नंतर बोलतो. माईकवर कुणी घाण बोललं तर त्याला कसं बंद करायचं, तक्रार कशी करायची, हेही शिकतो. पहिल्या शनिवारी तिने विचारलं, "ताई, हरले तर चालेल ना?"

चालेल, बाई. मुलांना चालतं, तुलाही चालेल.

तुमच्या गटात काय अनुभव आहे? माझं चुकत असेल तर तेही जरूर लिहा.