अभिमानाला मोजमापाची जोड हवी

वर्धा जिल्ह्यात खैरवाडा येथे महापाषाण काळातील शिलावर्तुळे आहेत. ती रचणाऱ्या समाजाला लोहविद्या अवगत होती. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात तर लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा वारसा सांगताना वैदर्भीय माणसाची मान ताठ व्हावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु या वारशाचे आजचे वारसदार काय करीत आहेत, हा प्रश्न विचारल्याखेरीज तो अभिमान पुरा होत नाही.

धातूचे गुण बव्हंशी त्याच्या घटकांवर ठरतात. लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असेल तर ते वाकते, पण सहसा तुटत नाही. तोच पाऊण टक्क्यावर गेला की पात्याला धार धरते आणि ठिसूळपणाही वाढतो. क्रोमियम साडेदहा टक्क्यांपलीकडे गेले की गंजाला आळा बसतो. घरोघरीचे स्टीलचे डबे त्याची साक्ष देतात. मात्र या साऱ्यांत एक धातू यजमान आणि बाकीचे पाहुणे, ही रीत हजारो वर्षे चालत आली.

२००४ साली ती मोडली. ब्रिटनमध्ये ब्रायन कॅन्टर आणि तैवानमध्ये जिएन-वेई ये यांनी पाच वा अधिक धातू जवळजवळ समप्रमाणात एकत्र आणले. या मिश्रधातूंना 'हाय एन्ट्रॉपी अलॉय' असे नाव पडले. त्याच्या आदल्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एस. रंगनाथन यांनी 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून या बहुधातू मिश्रणांकडे लक्ष वेधले होते. त्यांचे शिष्य प्रा. बी. एस. मूर्ती यांचे धातुशास्त्राचे पदवीशिक्षण नागपूरचे. या गुरुशिष्यांनी ये यांच्यासह २०१४ मध्ये या विषयावरील ग्रंथ सिद्ध केला.

लोखंड, मँगनीज, क्रोमियम, कोबाल्ट व निकेल यांचा कॅन्टर मिश्रधातू उणे १९६ अंश सेल्सियस तापमानातही ठिसूळ होत नाही. उलट अधिक बळकट होतो. साधे पोलाद अशा थंडीत काचेसारखे तडकते. यातील मँगनीज वगळून ॲल्युमिनियम वाढवीत नेले, तर अणूंची मांडणीच बदलते. काठिण्य वाढते आणि ताणण्याची क्षमता घटते. प्रमाण बदलले की प्रकृती बदलते, ती अशी.

हे वाचताच 'आमच्या पंचधातूत हे होतेच' असे म्हणण्याचा मोह अनेकांना होईल. तो टाळला पाहिजे. पंचधातूच्या मूर्तीत तांबे प्रमुख असते, इतर धातू अल्प. तिचे महत्त्व श्रद्धेचे आणि ओतकामातील कौशल्याचे आहे, आणि ते स्वयंपूर्ण आहे. पूर्वजांना न केलेल्या कामाचे श्रेय दिल्याने त्यांचा सन्मान वाढत नाही. त्यांनी खरोखर केलेल्या कामावरचा विश्वास मात्र उणावतो.

खरे आव्हान पुढेच आहे. चाळीस मूलद्रव्यांतून पाच निवडायची म्हटले तरी ६,५८,००८ संच होतात. प्रत्येकातील प्रमाणे बदलली तर गणतीच नाही. म्हणून आज संगणक आधी अंदाज बांधतो आणि भट्टी तो तपासते. पण संगणकाचे शहाणपण त्याला पुरविलेल्या नोंदींइतकेच. एकाच प्रमाणाचा धातू कसा लाटला, किती तापवला, यावरही त्याचे बळ बदलते. हे सारे, फसलेल्या प्रयोगांसह, प्रामाणिकपणे नोंदविले तरच घटकांचा आणि गुणांचा संबंध हाती लागतो.

येथेच स्वदेशीचा प्रश्न उभा राहतो. कोबाल्टच्या जागतिक उत्पादनाचा मोठा हिस्सा एकट्या काँगोतून येतो. निकेलसाठीही भारत आयातीवर अवलंबून आहे. याउलट मँगनीज नागपूर-भंडाऱ्याच्या भूमीत आहे, लोहखनिज गडचिरोलीत, क्रोमाइट ओडिशात. परक्यांची पाककृती घेऊन परक्यांचेच जिन्नस विकत आणावयाचे, की आपल्या खनिजांना साजेशी प्रमाणे शोधावयाची? दुसरा मार्ग कष्टाचा आहे, म्हणूनच तो इतर कोणी भारतासाठी चालून देणार नाही.

वर्ध्याला या विचाराचे वावडे नसावे. १९३४ साली येथेच अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला; भोवताली जे आहे त्यातून उत्पादन उभे करावे, हाच त्याचा आग्रह होता. वर्ध्यालगत भूगावला पोलाद कारखाना आहे. पाऊणशे किलोमीटरवरील नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आणि ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. उणीव आहे ती यांना जोडणाऱ्या धाग्याची. जिल्ह्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पदवीच्या प्रकल्पासाठी कारखान्यातील एक नमुना, प्रयोगशाळेतील एक यंत्र आणि नोंदवही मिळाली, तरी आरंभ होईल. उद्योजकांनी दार उघडावे, प्राध्यापकांनी विद्यार्थी पाठवावेत आणि पालकांनी धातुशास्त्राकडे 'जागा शिल्लक राहिली म्हणून घेतलेली शाखा' या नजरेने पाहणे सोडावे.

नायकुंडच्या लोहाराने हाताशी असलेल्या खनिजातून लोखंड काढले. त्याचे वारसदार म्हणवून घेण्याचा अधिकार भाषणांनी नव्हे, भट्टीपाशी उभे राहूनच मिळेल.