वसाहतींमधील खासगी रस्ते : हस्तांतरणाची मुदत नेमकी केव्हा सुरू होते?

देशातील लहानमोठ्या शहरांच्या सीमेवर शेतजमिनींचे रूपांतर निवासी भूखंडांत होण्याची प्रक्रिया वेगाने सुरू आहे. भूखंड विकले जातात, घरे उभी राहतात, मालमत्ता कराची आकारणीही सुरू होते. मात्र घरासमोरचा रस्ता कोणाचा, हा प्रश्न अनेक वसाहतींमध्ये वर्षानुवर्षे अनुत्तरित राहतो. रस्त्यावरील खड्डे बुजविण्याची मागणी केली असता, रस्ता ताब्यात आलेला नाही, असे पालिकेकडून सांगितले जाते. विकासकाकडे विचारणा केल्यास, आमचे काम संपले, असे उत्तर मिळते. पावसाळ्यात तुंबणारे पाणी, बंद पडलेले पथदिवे आणि अग्निशमन दलाच्या गाडीला न मिळणारी वाट, हे या टोलवाटोलवीचे दृश्य परिणाम होत.

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी अंमलात आली. तिच्याद्वारे राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवावयाच्या 18 विषयांची यादी असून, त्यात रस्ते व पूल तसेच पथदिव्यांसह सार्वजनिक सुविधा यांचा उल्लेख आहे. तथापि, हे विषय प्रत्यक्षात सोपविण्याचे काम राज्यांच्या कायद्यांवर अवलंबून आहे. या कायद्यांमध्ये ‘सार्वजनिक रस्ता’ आणि ‘खासगी रस्ता’ असा भेद पूर्वीपासून चालत आला आहे. खरा पेच या दोहोंच्या सीमारेषेवर निर्माण होतो.

जुना कायदा, जुनी वाट

या संदर्भात मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 हा आजही मार्गदर्शक ठरतो. जमिनीचे भूखंड पाडून खासगी रस्ता काढू इच्छिणाऱ्या मालकाने पालिकेला तशी सूचना देणे या कायद्यान्वये बंधनकारक आहे. कलम 305 अन्वये, खासगी रस्त्याचे सपाटीकरण, खडीकरण, जलनिःसारण व दिवाबत्ती समाधानकारक नसल्यास संबंधित मालकांना ही कामे करण्याची नोटीस देता येते. ही कामे पूर्ण झाल्यावर तो रस्ता सार्वजनिक म्हणून घोषित करण्याची तरतूद कलम 306 मध्ये आहे.

म्हणजेच, रस्त्याचे खासगी असणे ही कायमची स्थिती नसून, तो सार्वजनिक होण्यापूर्वीचा एक टप्पा आहे, ही कल्पना आपल्या कायद्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपासून रुजलेली आहे. मात्र हा टप्पा ओलांडण्यासाठी काम समाधानकारक झाल्याचा निर्वाळा आयुक्तांकडून मिळावा लागतो.

हरियाणातील पाच वर्षे

दिल्लीलगतच्या गुरुग्रामचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. हरियाणा नागरी क्षेत्र विकास व नियमन अधिनियम, 1975 अन्वये खासगी विकासकांना वसाहती उभारण्याचे परवाने देण्यात आले. गुरुग्राम महानगरपालिका मात्र 2008 मध्ये स्थापन झाली. वसाहती आधी आणि महानगरपालिका नंतर, असा हा क्रम होता.

या कायद्यानुसार, विकासकाने विकासकामांच्या अंदाजित खर्चाच्या 25 टक्के रकमेची बँक हमी द्यावयाची असते. वसाहतीतील रस्ते, उद्याने व मोकळ्या जागा यांची देखभाल त्याने पूर्णता प्रमाणपत्राच्या दिनांकापासून पाच वर्षे करावयाची आणि त्यानंतर त्या शासनाकडे अथवा स्थानिक प्राधिकरणाकडे विनामूल्य सुपूर्द करावयाच्या, अशी तरतूद आहे.

वरवर पाहता ही तरतूद नेमकी व निःसंदिग्ध वाटते. परंतु पाच वर्षांची मोजणी पूर्णता प्रमाणपत्रापासून सुरू होते. काम अपुरे असेल, शुल्क थकलेले असेल अथवा विकासकाने अर्जच केला नसेल, तर हे प्रमाणपत्र मिळत नाही. परिणामी लोक राहावयास येऊन दशक उलटले तरी कायद्याच्या दृष्टीने पहिला दिवसही उजाडलेला नसतो.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016, अर्थात रेरा कायद्यातही याच स्वरूपाची रचना आढळते. सामायिक क्षेत्राची मालकी रहिवाशांच्या संघटनेकडे किंवा सक्षम प्राधिकरणाकडे हस्तांतरित करण्यासाठी, अन्य स्थानिक कायदा नसल्यास, भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांची मुदत कलम 17 मध्ये दिलेली आहे. आयुक्तांचे समाधान, पूर्णता प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र या तिन्ही बाबी विकासक आणि प्राधिकरण यांच्यातील आहेत. रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या रहिवाशाला त्यांपैकी एकही स्वतः घडवून आणता येत नाही. कायद्यातील खरी उणीव येथे आहे.

न्यायालयांची भूमिका

अभिन्यास मंजूर करताना जमीन विनामूल्य मागता येते काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने पंडित चेतराम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महानगरपालिका या प्रकरणात 1994 मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. मोकळ्या जागांचे व्यवस्थापन लोकहितासाठी पालिका करू शकते. मात्र कायद्यात स्पष्ट तरतूद नसताना मालकी मोबदल्याविना हस्तांतरित करण्याची अट घालता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी, अशी जागा ज्या प्रयोजनासाठी राखून ठेवली त्याखेरीज अन्य कामासाठी मालकाला वापरता येणार नाही, हेही या निर्णयातून स्पष्ट झाले.

पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात, मोठ्या प्रकल्पांमधील 10 टक्के खुली जागा विनामूल्य देण्याची नियमांतील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. ही दोन्ही प्रकरणे मोकळ्या जागांविषयी असली, तरी त्यांतून रस्त्यांबाबतही एक दिशा सूचित होते. राज्याच्या कायद्यात वा नियमांत स्पष्ट तरतूद असेल, तर हस्तांतरणाला भक्कम आधार मिळतो. केवळ मंजुरीपत्रातील अटीवर विसंबल्यास वाद उद्भवतात. तमिळनाडूत अभिन्यासाला अंतिम मंजुरी देण्यापूर्वीच रस्त्यांची जागा बक्षीसपत्राद्वारे स्थानिक संस्थेच्या नावे केली जाते. तेथे मालकीचा प्रश्न पहिला भूखंड विकला जाण्याआधीच निकाली निघतो.

फाटकाआडचा हितसंबंध

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. सर्वच रहिवाशांना हस्तांतरण हवे असते असे नाही. रस्ता सार्वजनिक झाला की फाटक लावून इतरांना अडविण्याचा अधिकार उरत नाही. सुरक्षिततेची रहिवाशांची चिंता रास्त आहे. परंतु पालिकेच्या खर्चाने डांबरीकरण आणि बाहेरच्यांना मज्जाव, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येणार नाहीत. हैदराबादमध्ये जुलै 2024 मध्ये स्थापन झालेल्या ‘हायड्रा’ या यंत्रणेने अभिन्यासातील रस्ते अडविणाऱ्या भिंती हटविण्याची कारवाई केली, तेव्हा हाच संघर्ष प्रकर्षाने समोर आला.

पालिकांची अडचणही दुर्लक्षिण्याजोगी नाही. निकृष्ट रस्ते जसेच्या तसे स्वीकारल्यास विकासकाने वाचविलेला खर्च साऱ्या शहराच्या करदात्यांवर पडतो. महाराष्ट्रातील गुंठेवारी वसाहतींमध्ये हा प्रश्न अधिक बिकट आहे. मंजूर अभिन्यासाशिवाय पाडलेल्या या भूखंडांच्या नियमितीकरणासाठी 2001 मध्ये कायदा करण्यात आला आणि 2021 मधील दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारी विकासाला त्याचा लाभ देण्यात आला. भूखंड शुल्क भरून नियमित करता येतो. परंतु दोन घरांमध्ये रस्त्यासाठी सोडलेलीच नसलेली जागा कोणत्याही शुल्काने निर्माण करता येत नाही.

पुढील दिशा

हे सर्व पाहता, हस्तांतरणाची मुदत प्रमाणपत्रापासून नव्हे, तर रहिवाशांनाही ठाऊक असलेल्या दिनांकापासून मोजली जाणे आवश्यक वाटते. अभिन्यासाची मंजुरी किंवा पहिल्या भूखंडाच्या विक्रीची नोंदणी हे असे दिनांक होऊ शकतात. ठरलेल्या मुदतीत रस्ता योग्य दर्जाचा न झाल्यास बँक हमीतून तो पूर्ण करून पालिकेने ताब्यात घेणे, हा त्यापुढील टप्पा ठरेल. तसेच कोणता रस्ता हस्तांतरित झाला आणि कोणता नाही, याची नोंदवही प्रत्येक पालिकेने जनतेसाठी खुली ठेवल्यास, खरेदीपूर्वीच ग्राहकाला वस्तुस्थिती समजू शकेल.

यांपैकी कोणत्याही उपायासाठी नवे तत्त्व शोधावे लागणार नाही. रस्त्याने आज ना उद्या सार्वजनिक व्हावे, हे 1888 पासून कायद्याला मान्यच आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, ते केव्हा व्हावे हे ठरविण्याचा अधिकार त्या रस्त्यावर राहणाऱ्याखेरीज इतर सर्वांच्या हाती किती काळ राहू द्यावयाचा.