जनुकदोष एक, दुखणी निराळी

थॅलॅसेमिया हा हिमोग्लोबिनच्या घडणीतला आनुवंशिक दोष असून त्याचे आजचे शास्त्र ज्या मोजक्या संशोधकांनी उभे केले, त्यांत ब्रिटिश वैद्यक डेव्हिड वेदरॉल (१९३३–२०१८) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीचे वर्णन बहुधा रुग्णशय्येपासून जनुकापर्यंतचा प्रवास असे केले जाते. ही मांडणी खोटी नाही, पण अर्धीच आहे. जनुकातील दोष हाती लागल्यावर वेदरॉल पुन्हा रुग्णाकडे वळले, आणि त्यांच्या कामाचा हा उत्तरार्ध भारतासारख्या देशाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.

लिव्हरपूल विद्यापीठातून १९५६ मध्ये वैद्यकीय पदवी घेतलेल्या वेदरॉल यांची सक्तीच्या लष्करी सेवेत सिंगापूरला नेमणूक झाली. तेथील लष्करी रुग्णालयात एका गुरखा सैनिकाच्या मुलीला असा रक्तक्षय जडला होता, की वरचेवर रक्त चढवल्यावाचून ती तग धरत नव्हती. थॅलॅसेमिया हा भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचा आजार आहे, असा त्या काळी समज होता. वेदरॉल यांनी जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रँक व्हेला यांच्या मदतीने इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे विजेच्या प्रवाहात निरनिराळी प्रथिने कमीजास्त वेगाने सरकतात या गुणाचा उपयोग करून त्यांना वेगळे करण्याच्या पद्धतीचा अवलंब केला आणि निदान थॅलॅसेमियाचेच ठरले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९६० साली हे प्रसिद्ध झाल्यावर, परवानगीवाचून लेख छापल्याबद्दल आणि लढवय्या पलटणीच्या रक्तातली खोट चव्हाट्यावर आणल्याबद्दल लष्करातील वरिष्ठांनी त्यांची कानउघाडणी केली. खोट कोणाच्या रक्तात असावी याविषयीची प्रतिष्ठेची कल्पना काही केवळ साहेबाच्या पलटणीपुरती नव्हती. लग्न जुळवताना थॅलॅसेमियाची तपासणी टाळणारी आपल्याकडील घरेही याच कल्पनेला धरून चालतात.

पुढचे काम अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झाले. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत अल्फा नावाच्या दोन आणि बीटा नावाच्या दोन अशा चार प्रथिनसाखळ्या असतात. जॉन क्लेग आणि नॉटन या सहकाऱ्यांसह वेदरॉल यांनी रुग्णाच्या रक्तातील रेटिक्युलोसाइट, म्हणजे अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि अजून प्रथिने घडवू शकणाऱ्या कोवळ्या तांबड्या पेशी, किरणोत्सारी अमिनो आम्ल घातलेल्या द्रवात ठेवल्या. मग तयार झालेल्या साखळ्या युरियाच्या साहाय्याने एकमेकींपासून सोडवून प्रत्येकीतला किरणोत्सार मोजला, कारण जिची घडण जास्त तिच्यात तो जास्त उतरणार हे उघड होते. निरोगी पेशीत दोन्ही बाजू जवळपास सारख्या भरल्या. बीटा थॅलॅसेमियात मात्र बीटा साखळी कमी घडत होती किंवा मुळीच घडत नव्हती, आणि अल्फाचे काम जणू काही बिघडलेच नाही अशा रीतीने चालू होते. १९६५ मधील या मोजणीमुळे, त्याआधी दोनच वर्षे ग्रीक संशोधक फेसास यांनी रुग्णांच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या गुठळ्यांचा अर्थ पक्का झाला. जोडीदार न मिळालेली अल्फा साखळी पेशीतच साकळते आणि तांबडी पेशी पक्व होण्याआधी मज्जेतच मरते. बीटाच्या तुटवड्यापेक्षा अल्फाची ही शिल्लकच अधिक घात करते.

या निष्कर्षातून एक विलक्षण गोष्ट ओघाने येते. ज्या रुग्णात बीटाच्या दोषाबरोबर अल्फा साखळी कमी घडवणारा दुसरा आनुवंशिक दोषही असेल, त्याच्यात शिल्लक कमी उरते आणि आजार सौम्य होतो. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन, ज्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, ते जन्मानंतरही बऱ्यापैकी घडत राहिले तरी हाच लाभ मिळतो. त्यामुळे मूळ दोष हुबेहूब सारखा असलेल्या दोघांपैकी एकाला दरमहा रक्त लागते आणि दुसरा रक्तावाचून संसार करतो, हे कोडे सुटू लागले.

१९७४ मध्ये ऑक्सफर्डला गेल्यावर अल्फा जनुके गळाल्याने होणाऱ्या थॅलॅसेमियाच्या प्रकारांचा उलगडा, पापुआ न्यू गिनीच्या परिसरात मलेरियाचा प्रादुर्भाव जितका अधिक तितका अल्फा थॅलॅसेमियाही अधिक असल्याचा पुरावा आणि १९८९ मध्ये रेणवीय वैद्यकाच्या संस्थेची स्थापना ही सर्व कामे झाली. ‘सर’ किताबही मिळाला. मानसन्मानांची ही यादी येथे लांबवण्याचे कारण नाही.

श्रीलंकेतील कुरुनेगला येथील कामाला मात्र या यादीत बसवून चालणार नाही. हिमोग्लोबिन ई, म्हणजे बीटा साखळीतील एक आनुवंशिक बदल, आणि बीटा थॅलॅसेमिया हे दोन दोष एकत्र आलेल्या तेथील रुग्णांचा वेदरॉल यांच्या गटाने स्थानिक डॉक्टरांबरोबर वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. यांपैकी बऱ्याच जणांना हिमोग्लोबिनचा आकडा कमी दिसतो एवढ्यावरून नियमित रक्त चढवले जात होते. ते थांबवून पाहिल्यावर बहुतेकांचे काही बिघडले नाही. मुलाची वाढ, पानथरीचा आकार आणि दैनंदिन ताकद यांवरून निर्णय घ्यावा लागतो, आणि त्यासाठी घाई न करता काही महिने नुसते पाहावे लागते, हे या निरीक्षणाने दाखवले. अनावश्यक रक्त म्हणजे शरीरात साचणारे अनावश्यक लोह, आणि ते काढण्यासाठी आयुष्यभराची औषधे.

भारतात सिकलसेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी हवीच. परंतु कार्डावर ‘वाहक’ किंवा ‘रुग्ण’ असा शिक्का उमटला की काम संपले असे मानण्याकडे सरकारी यंत्रणेचा कल असतो, आणि हा कल महाग पडणार आहे. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतील एकच अमिनो आम्ल बदललेले असते; तरीही नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर काही रुग्ण फारसा त्रास न होता प्रौढ होतात आणि विदर्भातील काही मुलांना तीव्र वेदनांच्या झटक्यांमुळे पुन्हा पुन्हा रुग्णालय गाठावे लागते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण आणि अल्फा जनुकांची संख्या यांचा या फरकात मोठा वाटा असतो. पण ते मोजून रुग्णाची दहा-वीस वर्षांची नोंद ठेवणे हे एकदाच होणाऱ्या शिबिराचे काम नव्हे.

ही चैन आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो टिकत नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेला जनुकसंपादनाचा उपचार गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो, आणि त्यासाठी कोठे घाव घालायचा हे कळले ते या हिमोग्लोबिनचे प्रमाण माणसामाणसांत का बदलते, या प्रश्नाचा पिच्छा पुरवल्याने. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. तो पाड्यावर पोहोचण्याची शक्यता नजीकच्या काळात नाही. हायड्रॉक्सियुरिया ही स्वस्त गोळी पुष्कळ रुग्णांत हेच हिमोग्लोबिन काही अंशी वाढवते, पण ते कोणात किती वाढेल हे प्रत्येकाचे वेगळे असते. मात्रा ठरवण्यासाठी रक्ताची नियमित तपासणी करावी लागते, आणि त्याकरिता तालुक्याच्या रुग्णालयात रक्तपेशी मोजणारे चालू यंत्र आणि मागच्या भेटीचा कागद, दोन्ही असावे लागतात.