जाहीर इशारा : विकलेल्या गाडीला कुलूप लावू नका

प्रति,
कार बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे पुणे जिल्ह्यातील विक्रेते

हा अर्ज नाही. अर्ज करून झाले.

आम्ही जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील वाहनधारक. कांदा, टोमॅटो, द्राक्ष पिकवणारे. डेअरीला दूध घालणारे. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, घोडेगावात दुकान चालवणारे. आमच्या दारात गाडी कर्ज काढून येते.

गाडीतल्या सोयी पैशासाठी बंद पडू लागल्या. आधी आम्ही विक्रेत्याकडे गेलो. त्याने कंपनीकडे बोट दाखवले. कंपनीला लिहिले. उत्तर इंग्रजीत आले. त्यात आमचे आभार होते, आमच्या प्रश्नाचा उल्लेख नव्हता. पुन्हा लिहिले. टपालाची पोच आली. उत्तर आले नाही.

मग तुम्ही म्हणालात, माणूस पाठवतो. ग्रामपंचायतीच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या. लोक हातातली कामे टाकून आले. तुमचा माणूस आला नाही. येणार नाही, असा फोनही आला नाही.

कोणी आवाज चढवला नाही. सतरंज्या गुंडाळल्या आणि लोक घरी गेले.

त्याला तुम्ही माघार समजलात. हिशेब तिथे चुकला.

आमचे म्हणणे दोन ओळींचे आहे. गाडीत जे बसवले आहे, त्याचे पैसे आम्ही गाडी घेताना दिले. तेच पुन्हा विकता येणार नाही.

आरशाजवळचे मदतीचे बटण. आतले सिम. बोलायचा माइक. गाडी कुठे उभी आहे ते सांगणारी यंत्रणा. फोनवरून एसी चालू करण्याची सोय. शोरूममध्ये हे सगळे दाखवूनच गाडी विकली. वरचे मॉडेल घ्या, यात सगळे आहे, असे सांगितले. कोटेशनवर एकच आकडा होता.

त्या आकड्यावर आम्ही विमा भरला. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला रस्ता कर किमतीच्या ११ टक्क्यांपासून सुरू होतो, डिझेलला १३ टक्क्यांपासून. तोही पूर्ण किमतीवर भरला. बँकेचे व्याजही त्याच आकड्यावर चालू आहे.

हप्ते फिटायच्या आत पडद्यावर ओळ येते. योजनेची मुदत संपली आहे, नूतनीकरण करा.

बंद पडलेल्या बटणाचा कर सरकारने परत दिला नाही. बँकेने त्याचे व्याज सोडले नाही. तुम्ही मात्र तेच बटण दुसऱ्यांदा विकायला काढले.

अटी मान्य केल्या होत्या, असे तुम्ही म्हणाल. कशा, तेही सांगतो. डिलिव्हरीच्या दिवशी घरची मंडळी गाडीभोवती उभी. बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, कोणाच्या तरी हातात नारळ. त्या गडबडीत तुमच्या शोरूममधल्या मुलाने टॅबलेट पुढे धरला. इथे ओके करा, म्हणाला. आत इंग्रजीतली पानेच्या पाने. वर पेढ्याचा बॉक्स.

याला तुम्ही संमती म्हणता. ग्राहक आयोगासमोरही म्हणा.

आता त्या मदतीच्या बटणाबद्दल.

आमच्यातल्या एकाची गाडी रात्री बंद पडली. आत बायको आणि मुले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. आमच्या भागात रात्री उसाच्या कडेला खाली उतरायचे नसते, हे शाळकरी पोरालाही कळते. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र उगाच उभे राहिलेले नाही.

त्याने काचा वर ठेवल्या आणि मदतीचे बटण दाबले. पडद्यावर नूतनीकरणाचा संदेश आला.

शेवटी गावातली पोरे ट्रॅक्टर घेऊन गेली.

कंपनीचे नाव आज घेत नाही. ते आम्ही केलेल्या यादीत आहे.

युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांत अपघात होताच ११२ या आपत्कालीन क्रमांकाला आपोआप फोन लावणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्यासाठी ग्राहकाकडून वर्गणी घेतली जात नाही. ११२ आपल्याकडेही आहे. तिथे जमते, इथे का जमत नाही, याचे उत्तर हवे आहे.

आम्ही आडमुठे नाही. सिमच्या डेटाला खर्च येतो. नकाशा अद्ययावत ठेवायला माणसे लागतात. तो खर्च कोटेशनवर वेगळ्या ओळीत, मराठीत, रुपयांत लिहा. घ्यायचे की नाही ते आम्ही ठरवू.

पण जे गाडीच्या आत आहे, गाडीच्या बॅटरीवर चालते आणि ज्याला तुमच्या सर्व्हरची गरज नाही, त्याला हात लावायचा नाही.

हे कुलूप कुठवर जाते, ते आम्हाला ठाऊक आहे.

बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये दक्षिण कोरियात सीट गरम करण्याचे महिन्याचे भाडे लावले. सीटमधली तार कारखान्यातूनच आलेली होती.

जर्मनीत मर्सिडीजच्या इक्यूएसची मागची चाके पूर्ण १० अंश वळवायची, तर वर्षाला ४८९ युरो मागितले गेले. चाके आणि ती वळवणारी मोटर गाडीतच होती. त्याच नावाची गाडी २०२२ मध्ये आमच्या शेजारी चाकणला जोडली जाऊ लागली.

फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी-३ च्या मोटरची पूर्ण ताकद वापरण्यासाठी महिन्याला साडेसोळा पौंडांचा दर लावला. ताकद मोटरमध्ये आधीपासून होती.

२०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर आले. टेस्लाने काही गाड्यांची बॅटरी दुरून वाढवून दिली, लोकांना दूर पळता यावे म्हणून. ती मेहरबानी तात्पुरती होती. गाडीत आधीपासून असलेल्या बॅटरीचा तो कुलूपबंद हिस्सा होता.

गोष्ट तिथली आहे, असे सांगून आम्हाला घरी पाठवू नका. चाकण आमच्यापासून लांब नाही. तुमचे कारखाने खेडच्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर उभे आहेत. जुन्नर-आंबेगावची पोरे तिथल्या लाइनवर पाळी करतात. सीटखाली कोणती मोटर बसते आणि दारातून कोणती वायर जाते, ते आम्हाला माहितीपत्रकात शोधावे लागत नाही.

आणखी एक हिशेब आहे. आमच्याकडे बरीच कुटुंबे पहिली गाडी जुनीच घेतात. सोय पहिल्या मालकाच्या खात्याला बांधली, की दुसऱ्या मालकाच्या हाती अर्धी गाडी येते. विकणाऱ्याचा भाव पडतो, घेणाऱ्याची फसगत होते. दोघेही आमचेच.

त्यापुढचा हिशेब ट्रॅक्टरचा. अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या कुलपामुळे शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करता येईना. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअरवर दावा दाखल केला. कांदा काढणीला आलेला असताना पडद्यावर नूतनीकरणाची ओळ यावी, इतकी वाट आम्ही पाहणार नाही.

नाणेघाट जुन्नर तालुक्यात आहे. सातवाहनांच्या काळापासून तिथून माल चढत आला. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकात त्यात पडायची, असे वडीलधारे सांगतात. ती जकात वाटेची होती. बैलाच्या मालकाकडून त्याच्याच बैलाच्या शिंगांचे भाडे कोणी मागितले नाही.

आमच्या मागण्या चार आहेत.

१. मदतीचे बटण गाडी चालू असेपर्यंत विनामूल्य चालले पाहिजे. मालक पहिला असो वा तिसरा.

२. गाडीत बसवलेली आणि सर्व्हरशिवाय चालणारी कोणतीही सोय पैशासाठी बंद ठेवायची नाही. बंद ठेवली असेल, तर विनामूल्य उघडून द्यायची.

३. ज्या सेवेला पुढे पैसे पडणार, तिचे नाव, मुदत आणि नंतरचा दर कोटेशनवर मराठीत छापायचा. सही बुकिंगच्या वेळी घ्यायची. डिलिव्हरीच्या गडबडीत नाही.

४. गाडी विकली की सगळ्या सोयी गाडीबरोबर जातील. नव्या मालकाकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत.

यात वाटाघाटीला जागा नाही. ती जागा सभागृहात होती. तुम्ही आला नाहीत.

मुदत ३० दिवसांची.

मुदतीनंतर काय होईल, ते आधीच सांगतो. नंतर अचानक घडले, असे म्हणू नका.

आम्ही महामार्ग अडवणार नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर आमचाच टोमॅटो जातो. काचा फोडणार नाही. घोषणाही देणार नाही.

आम्ही तुमच्याकडून नवी गाडी घेणार नाही.

दसरा येईल. मग दिवाळीचा पाडवा. नंतर गुढीपाडवा आणि अक्षय तृतीया. याच मुहूर्तांवर तुमच्या दारात मांडव पडतो आणि रांगेत आमची माणसे असतात. यादीतल्या कंपन्यांच्या दारात ती दिसणार नाहीत. ज्यांनी बुकिंग केले आहे, ते रद्द करतील. गाडी जुनी घेऊ, किंवा आहे ती आणखी चालवू. आम्हाला घाई नाही. महिनाअखेरीला विक्रीचा आकडा तुम्हाला वर कळवावा लागतो, आम्हाला नाही.

यादी बाजार समित्यांच्या आवारात लागेल. नारायणगावला टोमॅटोच्या लिलावाला येणारा प्रत्येक जण ती वाचेल. मंचरला वाचेल. ओतूरला कांद्याच्या बाजारात वाचेल. कोणत्या गाडीत काय बंद पडते, कधी पडते आणि उघडायला किती मागतात, एवढेच त्यात असेल. शेरा नसेल. गरज पडणार नाही.

ग्रामसभांत ठराव होतील. ज्या पतसंस्थांत आमचा पैसा आहे, त्यांच्या सभांत आम्ही सभासद म्हणून उभे राहू. कुलूपबंद गाडीला कर्ज कशासाठी, हा प्रश्न तिथे विचारला जाईल.

आणि तक्रार दाखल होईल. एकेकट्याची नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ प्रमाणे एकच गाऱ्हाणे असलेले अनेक ग्राहक, आयोगाच्या परवानगीने, एकत्र येऊ शकतात. तुमचे मुख्यालय कुठेही असो, ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तारखेला तुम्हाला पुण्याला यावे लागेल. अनुचित कराराचा मुद्दा राज्य आयोगापुढे जाईल. टॅबलेटवर घेतलेली संमती तिथे वाचली जाईल, सावकाश, पानापानाने.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात १३ प्रकार नोंदले आहेत. वर्गणीचा सापळा त्यात आहे. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे त्यात आहे. तुमच्या पडद्यांची छायाचित्रे आमच्याकडे आहेत, तारखेसह.

असे कुठे होते का, असे वाटत असेल, तर दोन घटना आठवा.

२५ ऑगस्ट २०१४. भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणे, हा ठपका होता. अपिले झाली. ठपका मात्र नोंदलेला आहे.

मे २०२३. केंद्राच्या फेम-२ योजनेत दीड लाखाच्या मर्यादेतील विजेच्या स्कूटरला अनुदान होते. मर्यादा पाळली असे दिसावे म्हणून चार्जर आणि सॉफ्टवेअर वेगळे विकले गेल्याचे समोर आले. अनुदान अडकले. मग कंपन्यांनी ग्राहकांचे पैसे परत देण्याचे मान्य केले. एकट्या ओलाचा आकडा सुमारे १३० कोटींचा होता.

म्हणजे वेगळे विकलेले परत करता येते. सीटच्या भाड्याचा धंदाही बीएमडब्ल्यूने २०२३ मध्ये गुंडाळला. गिऱ्हाइकांनी तो पत्करला नाही, एवढेच कारण पुरले.

ग्राहकांची एक चळवळ पुण्यातच उभी राहिली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. माणसे आधी एकत्र आली होती. आज कायदाही आहे आणि माणसेही.

विक्रेत्यांना एक सूचना. तुमच्याशी आमचे वैर नाही. तुम्ही इथेच राहता, आमच्याच लग्नांत जेवता. कंपनीला हे पत्र आजच पाठवा आणि पाठवल्याची नोंद ठेवा. उद्या कोणी कळवले नव्हते, हा प्रश्न निघेल, तेव्हा ती तुमच्या कामी येईल.

मुदत आजपासून मोजावी. वाढवून मिळणार नाही.

उत्तर लेखी द्यावे, मराठीत द्यावे, आणि खाली अधिकार असलेल्या माणसाची सही असावी. फोनवरचे आश्वासन धरले जाणार नाही.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वाहनधारक