‘आपल्याकडे तेलच नाही’ ही सबब आता पुरे

पेट्रोलचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं : "आपल्याकडे तेलच नाही, सरकार तरी काय करणार?" ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ते ऐकू येतं, रिक्षात ऐकू येतं, आणि खंत याची की आपल्यातली शिकलेली पोरंही तेच बोलतात. हे वाक्य अर्धंच खरं आहे.

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून दूर अरबी समुद्रात तेल शोधलं. त्याआधी काही महिनेच जगात तेलाचे भाव चौपट झाले होते. १९७६ मध्ये बॉम्बे हायचं उत्पादन सुरू झालं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर देश आपल्या गरजेचं जवळपास दोन तृतीयांश तेल स्वतः काढत होता. म्हणजे ‘तेलच नाही’ हे काही कपाळावर लिहून आलेलं नव्हतं. पुढे काय झालं? १९९०-९१ मध्ये देशात साधारण ५.५ कोटी टन पेट्रोलियम पदार्थ खपत होते, २०२३-२४ मध्ये २३ कोटी टनांवर गेले. स्वतःचं कच्चं तेल मात्र त्या वर्षी तीन कोटी टनांपेक्षाही कमी निघालं. मार्च २०१५ मध्ये पंतप्रधानांनी २०२२ पर्यंत आयातीवरचं अवलंबन दहा टक्क्यांनी घटवण्याचं लक्ष्य दिलं होतं. तेव्हा ते ७७ टक्क्यांच्या आसपास होतं. २०२३-२४ मध्ये ८७च्या पुढे गेलं. माझ्या धंद्यात प्रोजेक्टचा आकडा असा उलटा पळाला तर निदान एक मीटिंग तरी होते.

या अवलंबनाची किंमत कोण मोजतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. माझे मामू १९९०च्या ऑगस्टमध्ये कुवेतला होते. इराकी फौजा शिरल्या तेव्हा पगार, बँकेतली शिल्लक, सामान सगळं तिथंच राहिलं. ते अम्मानमार्गे विमानाने मुंबईला उतरले, हातात एकच बॅग. असे सुमारे पावणेदोन लाख भारतीय तेव्हा परत आले. आता त्याच महिन्यांत दिल्लीत काय चाललं होतं ते पाहा. तेल महागल्याने डॉलर बाहेर जात होते आणि आखातातून घरी येणारे डॉलर आटले होते. एकाच युद्धाने देशाला दोन्हीकडून गाठलं. १९९१च्या मध्यापर्यंत गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि सुमारे ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण टाकावं लागलं. सोन्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं उन्हात राबून ते डॉलर पाठवले, त्यांचं नाव त्या गोष्टीत येत नाही. आपल्या कोकणातल्या किती घरांत असे मामू, चाचा आहेत, मोजून बघा.

बरं, तेल स्वस्त झालं तेव्हा तरी आपल्याला काय मिळालं? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्च्या तेलाचे भाव कोसळत होते आणि केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला. मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये हातावर पोट असलेली माणसं रस्त्याने चालत गावी निघाली होती, तेव्हा एका रात्रीत पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये वाढवले. पेट्रोलच्या लिटरमागे केंद्राचा कर ३२ रुपये ९८ पैशांवर गेला. त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा, आणि त्या बाबतीत मुंबईतलं कोणत्याही पक्षाचं सरकार मागे राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने यातला काही भाग परत केला, हेही सांगायला हवं. पण ज्या तिजोरीला प्रत्येक लिटरमागे हप्ता मिळतो, तिने खप कमी व्हावा म्हणून मनापासून झटावं, ही अपेक्षाच भाबडी आहे.

यावर कोणी म्हणेल, इंधनावर कर असलाच पाहिजे, त्यानेच वापर घटतो. मलाही तत्त्वतः पटतं. पण वापर कधी घटतो? दुसरी सोय असेल तेव्हा. मालेगावसारख्या लाखोंच्या शहरात आजही रेल्वे स्टेशन नाही. मनमाडला उतरायचं आणि पुढे रस्त्याने डिझेल जाळत जायचं. भिवंडीत स्टेशन आहे, पण गाड्या इतक्या मोजक्या की ठाण्याला नोकरीला जाणारा पोरगा शेवटी कर्ज काढून बाइकच घेतो. त्याने भरलेल्या करातून त्याच्या वाट्याला एक जादा बससुद्धा आली नाही. रेल्वेच्या विद्युतीकरणाचं काम मोठं झालंय, कोकण रेल्वेही २०२२ मध्ये विजेवर आली. त्याचं श्रेय द्यायलाच हवं, कारण विजेची गाडी बहुतांशी देशातल्याच कोळशावर आणि उन्हावर चालते. मग ती गाडी मालेगावला का जात नाही?

इलेक्ट्रिक स्कूटर हे यावरचं उत्तर आहे असं समजणाऱ्या मित्रांना एवढंच सांगेन की आपल्याकडच्या बॅटऱ्यांचे सेल बहुतेक चीनमधून येतात. तेवढ्यापुरता फक्त विक्रेता बदलेल.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार मोहल्ल्यात येईल, कबरस्तानच्या भिंतीचं आश्वासन देईल. भिंत होऊ द्या. पण त्याच बैठकीत त्याला विचारा : इथून स्टेशनला शेवटची बस किती वाजता सुटते?